कुकडीकांठचें एक छायाचित्र

गेल्या पौषांत आम्हीं पुणें जिल्ह्यांतील दौंड व शिरूर या दोन तालुक्यांचा सहकुटुंब प्रवास केला. सोबत कॉलेजांत शिकणारी नात व तिचा डिजिटल कॅमेरा होता. छायाचित्र रंगीत घ्यावयाचें आणि मागाहून संगणकावर तें कृष्णधवल करावयाचें, हा तिचा छंद. असलेले रंग मुद्दाम काढावे कशाला, हें कोडें आम्हांस आरंभीं उलगडेना.

दौंड हें भीमेकांठचें गांव. १८७८ सालीं मनमाडकडील लोहमार्ग येथें येऊन मिळाला, तेव्हांपासून तें जंक्शन म्हणून सर्वांच्या परिचयाचें आहे. गांव मागें पडलें कीं उंसाचे फड लागतात. एका फडाच्या कडेला तांबडें लुगडें नेसलेली एक बाई उभी होती. तिला विचारून नातीनें छायाचित्र घेतलें. मुक्कामावर येऊन रंग काढतांच लुगडें व ऊंस दोन्ही सारखींच करडीं झालीं. बाई फडांत जणूं विरून गेली!

नातीनें कारण सांगितलें. अशा चित्राच्या प्रत्येक बिंदूस तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे तीन आंकडे असतात. आपल्या डोळ्यास हिरवा अधिक उजळ भासतो. म्हणून एका रूढ हिशेबांत शंभरांपैकीं सुमारें ५९ भाग हिरव्यास, ३० तांबड्यास व ११ निळ्यास देतात आणि बेरजेवरून करडी छटा ठरते. तिनें तांबड्याचा वाटा वाढविला मात्र, लुगडें उजळलें, ऊंस काळवंडला, आणि बाई पुन्हा उठून दिसूं लागली.

दुसऱ्या दिवशीं न्हावऱ्यावरून शिरूर व पुढें कुकडीकांठचें टाकळी हाजी गांठलें. पैलतीरीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील निघोज. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनीं येथील काळ्या पाषाणांत रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. त्यांच्या कांठाशीं आमच्या सौभाग्यवतींस बसवून नातीनें छायाचित्र घेतलें. घरीं दिवाणखान्यांत, आमच्या मातोश्रींच्या जुन्या छायाचित्राशेजारीं, तें लावावयाचें ठरलें.

रात्रीं नातीनें दौंडचीच युक्ति योजिली. निळें आकाश गडद झालें, खळग्यांचे कांठ लखलखले. आम्हीं शाबासकी दिली. इतक्यांत सौभाग्यवतींनीं चष्मा लावून पाहिलें व म्हणाल्या, “अग, माझें कुंकूं कुठें गेलें? तुझे आजोबा समोर बसले आहेत ना?”

आम्ही हंसलों खरे, पण नातीचा चेहरा उतरला. तांबडा उजळतांच कुंकूं कपाळाच्या रंगांत मिसळून गेलें होतें. मातोश्रींच्या चित्रांत तें ठसठशीत काळें आहे. कारण त्या काळच्या पुष्कळ कांचांवर तांबड्या प्रकाशाचा परिणामच होत नसे.

सुदैवानें मूळ रंगीत प्रत नातीनें जपून ठेविली होती. तिनें तांबड्याचा वाटा कमी करून हिरव्याचा वाढविला. आकाश फिकें पडलें, चेहरा किंचित् सांवळा झाला, पण कुंकूं परत आलें. सौभाग्यवतींनीं तेंच पसंत केलें.

रंग काढतांना कोणास किती उजेड द्यावयाचा, याचा निवाडा करावा लागतो, हें आम्ही या वयांत शिकलों. हिशेब यंत्र करील. परंतु चित्रांतील माणसाचें जपावयाचें काय, हें घरच्या माणसासच ठाऊक. आज दिवाणखान्यांत सासूसुनांचीं चित्रें शेजारीं शेजारीं आहेत, आणि दोघींचेंही कुंकूं दारांतून दिसतें.