हिंगण्याची वाट

सूर्य राजाच्या वाड्यावर उगवतो, तसाच शेतकऱ्याच्या झोपडीवरही उगवतो. आणि दोघांच्याही वाट्याला दिवसाचे चोवीसच तास येतात. कामे मात्र अशी मोजून येत नाहीत. परीक्षा, खो-खोचा सामना, स्नेहसंमेलनातील नाटक आणि घरची कामे एकाच आठवड्यात दाराशी उभी राहिली, म्हणजे विद्यार्थी गोंधळून जातो. तो सगळीकडे धावतो आणि कोठेच वेळेवर पोहोचत नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यापुढेही असाच प्रश्न उभा होता. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. महाविद्यालय सोडावे, तर चरितार्थ कसा चालणार? आश्रम सोडावा, तर समाजाने दूर लोटलेल्या त्या मुलींना आधार कोणाचा? दोन्ही कामे आवश्यक होती. माणूस मात्र एकच होता.

कर्व्यांनी काढलेला मार्ग साधा होता. दिवस महाविद्यालयाचा, संध्याकाळ आश्रमाची. शिकविण्याचे काम आटोपले, की ते सुमारे चार मैलांची वाट पायी तुडवीत. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरून जाई. तरी आश्रमाला लागणाऱ्या वस्तू बरोबर घेऊन ते जात आणि मुलींना शिकवीत. सुट्ट्या लागल्या, की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत.

अशी निवड फुकट होत नाही. घरासाठी त्यांच्यापाशी थोडाच वेळ उरे. संसाराचा बराच भार त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी उचलला. एका कामाला होकार देताना दुसऱ्या कशाला तरी नकार द्यावाच लागतो, आणि त्या नकाराची झळ पुष्कळदा जिवलगांनाच लागते. म्हणूनच होकार विचारपूर्वक द्यावा आणि झळ सोसणाऱ्यांचे ऋण विसरू नये.

१९१४ साली कर्वे महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्यांनी आपला सारा वेळ स्त्रीशिक्षणाला वाहिला. पुढे दोनच वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले.

घरात तेल थोडे असेल, तर शहाणा मनुष्य सगळ्या पणत्या एकदम पेटवीत नाही. जेथे अंधार अधिक, तेथील पणती तो आधी लावतो. वेळेचेही तसेच आहे.