दाखवायचे दात

‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे’ ही म्हण आपण ढोंगी माणसासाठी वापरतो. हत्तीला त्यात उगाच ओढलंय. सुळे म्हणजे त्याच्या वरच्या जबड्यातले, आयुष्यभर वाढणारे पुढचे दात. त्यांनी तो माती उकरतो, झाडाची साल सोलतो, झुंजतो. आपल्यात डावखुरे-उजवे असतात, तसा हत्तीही एक सुळा जास्त वापरतो आणि तो जास्त झिजतो. म्हणजे हे कामाचे दात. ते दाखवायचे केले आपण.

हे जुनं आहे आणि आमच्या कल्याणपासून फार लांबचंही नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचं नाव आहे. दख्खनचा माल नाणेघाट उतरून इथे यायचा. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईत 1938 साली एक वीतभर हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेरला मिळाल्या आहेत. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर लेख निघतात. हत्तीवर कोण लिहिणार? सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. अख्खा सुळा जिवंत हत्तीकडून मिळत नाही.

आमच्याकडे पणजीची कुंकवाची डबी आहे, पिवळसर पांढरी. डोंबिवलीतलं घर बदलताना ती विकायचा विषय निघाला. मी भिंग लावून पाहिलं. हाडाच्या वस्तूवर बारीक काळपट ठिपके दिसतात. सुळ्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी. डबीच्या बुडाला जाळी होती.

1986 पासून भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, 1991च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकनचाही. वस्तू पणजीची असली तरी विकता येत नाही. बाबा म्हणाले, “मग गुपचूप ठेवून देऊ.” मी म्हटलं, वन विभागाला विचारू. आई घाबरली, “नेली तर?”

त्या मंगळवारी ती टिटवाळ्याला जाऊन आली. एकदंताच्या गोष्टीत महाभारत लिहायला सुळा मोडतो, पण तो त्याचा स्वतःचा, त्याच्याच मर्जीने. आईने डबीतलं कुंकू स्टीलच्या करंड्यात काढलं, डबी पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “विचारून ये. कुंकू तेवढं आपलं.”