घरच्या बाळंतपणाचा हिशेब

मागे एका शहरातल्या कार्यक्रमात आम्ही दोघे भाऊ गेलो होतो. घरी बाळंत होणं हा स्त्रीचा अधिकार आहे, असं एक ताई मंचावरून सांगत होत्या. त्या स्वतः घरीच बाळंत झाल्या होत्या. डॉक्टर उशाशी, गाडी दारात, मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. बोलता बोलता त्या म्हणाल्या, आपल्या आज्यांचं शहाणपण आपण विसरलो. मागच्या रांगेत आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कारण ही शहाणी आजी कुणाची, तर आमची!

मित्रांनो, आमची आजी सुईण होती. गावात कुणाच्याही घरी कळा सुरू झाल्या की वस्तीवर बोलावणं यायचं. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. काम विटाळाचं, म्हणून ते आमच्याकडे. आत जायचं मागच्या दाराने, बाहेर यायचंही मागच्याच दाराने, आणि ती गेल्यावर घर सारवून गोमूत्र शिंपडायचे. पोरगं जन्माला येताना तिचे हात चालायचे, बारशाला मात्र ती अंगणाबाहेर. मजुरी म्हणजे पायलीभर ज्वारी आणि एखादं जुनं लुगडं. तिच्या हातात कसब होतं, यात शंका नाही. पण तिची स्वतःची नऊ बाळंतपणं घरी झाली आणि जगली पाच लेकरं. मंचावरच्या भाषणात उरलेली चार नव्हती.

आता आमच्या ताईचं सांगतो. पहिल्या खेपेला ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. कळांनी ओरडली म्हणून मांडीवर चापट बसली. "तुम्हा लोकांना दरसाल पोरं लागतात," असं ऐकवलं गेलं. पहिलंच बाळंतपण होतं तिचं! बाळंत झाल्यावर दोन तासांनी तिच्या हातात फडकं दिलं आणि खाली सांडलेलं तिचंच रक्त तिला पुसायला लावलं. शेजारच्या खाटेवरच्या पाटलांच्या सुनेला कुणी फडकं दिलं नाही.

म्हणून २०१५ साली दुसऱ्या वेळी ताई म्हणाली, मी तिथं जाणार नाही. आशाताई दोनदा येऊन समजावून गेल्या. आम्ही काय केलं? संविधानावर भाषणं देत फिरणारे आम्ही म्हणालो, आई आहे ना, घरीच होऊ दे. आई आजीच्या हाताखाली शिकलेली. शिवाय दसऱ्यानंतर ताई आणि दाजी ऊसतोडीला निघणार होते, मुकादमाकडून साठ हजारांची उचल घेऊन झाली होती. दवाखान्यात चार दिवस घालवणं नको, असंही मनात होतंच.

रात्री दोनला मुलगा झाला. रडला, वार पडली, सगळं नीट. मग रक्त थांबेना. आई पोट चोळत राहिली, चिंध्या लावत राहिली. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. जीप करून साठ किलोमीटरवर जिल्ह्याचा सरकारी दवाखाना गाठला. तीन बाटल्या रक्त लागलं. ताई वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, बाळ होताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळालं असतं तर बहुधा ही वेळ आली नसती. स्वस्त औषध आहे, फक्त थंड जागी ठेवावं लागतं. आई म्हणाली, "मग ती सुई मला का न्हाई दिली कुणी?"

खर्च मोजा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे रक्त आणि औषधं फुकट मिळाली. जीपचे तीन हजार. नऊ दिवस माणसांचं खाणं-येणं-जाणं पाच हजार. त्या हंगामात कोयता गेला नाही, म्हणून उचल पुढच्या सालावर चढली आणि घर चालवायला शेकडा पाच रुपये महिन्याने कर्ज काढलं. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यात ग्रामीण भागातल्या दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या घरच्या बाळंतपणाला ५००. सरकारी कागदावर फरक दोनशेचा!

आणि एक खर्च सहा वर्षांनी समोर आला. दवाखान्यात जन्म झाला की नोंद दवाखाना कळवतो. घरी झाला की ते काम कुटुंबप्रमुखाचं, २१ दिवसांत. आमच्या धावपळीत ते राहून गेलं. शाळेच्या वेळी दाखला मागितला तेव्हा वर्षाची मुदत कधीच उलटली होती, म्हणजे तेव्हाच्या नियमाने कोर्टाचा आदेश हवा होता. वकिलाचे चार हजार आणि बुडालेल्या मजुऱ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जाणार आहे. वस्तीत घरी जन्मलेलं लेकरू असेल तर आजच विचारा, नोंद झाली का?

मग ताई चुकली का? आमचं उत्तर, नाही. चुकलो आम्ही. पहिल्या वेळच्या त्या फडक्याची तक्रार आम्ही एका ओळीनेही केली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. उरलेल्या पाचांत कोण असतं, ते वस्तीवर फिरणाऱ्याला सांगायला नको. आणि घरी राहणाऱ्या बाईला अडाणी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ऊस तोडणारी आमची ताई आजही कुठल्या रजेत बसत नाही.

आई आता कुणाचं बाळंतपण घरी करत नाही. ती सोबत दवाखान्यात जाते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोरीला तिथं फडकं दिलं गेलं. आईने ते खिडकीवर ठेवलं आणि म्हणाली, सफाईवालीला बोलवा, तोवर मी इथंच बसते. अर्ध्या तासाने सफाईवाली आली. ती पलीकडच्या बौद्धवाड्यातली निघाली, कंत्राटावरची, तीन महिन्यांचा पगार थकलेला. आईने तिला हाताला धरून बाहेर नेलं, दोघींनी चहा घेतला. तिचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी लिहायला घेतला.