मागील सभेचे इतिवृत्त

शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेलाच असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, त्यामुळे ते वाचायचं काम माझं. मालवण तालुक्यातल्या आमच्या कमी पटाच्या शाळेत वर्षानुवर्षं हा विषय चहा यायच्या आतच आटोपायचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. खरी सभा त्यानंतर सुरू होते, असंच सगळे धरून चालायचे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवलं. गावात समितीवर माणसं मिळतात. पण सभेत बसलेली माणसं आणि ठरावाचा भार वाहणारी माणसं बहुतेकदा वेगळी असतात.

किनाऱ्यावरच्या रापणीत तसं नसतं. होडीतून अर्धगोल फिरवत जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरची माणसं ओढतात. जाळं कुठे सोडायचं याचा शब्द जाणत्याचा, पण ओढायला तोही असतो. मासळी वाळूवर आली की तिथेच वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. जाळं रिकामं आलं तर भांडणही तिथेच. पाण्याला ओढ होती, घाई केलीस, पलीकडे सोडायला हवं होतं. निर्णय आणि त्याचा परिणाम यांत काही तासांचंच अंतर. आमच्याकडे तेच अंतर वर्षाचं, आणि तोवर ठराव कोणी मांडला हेही कोणाला आठवत नाही.

आमच्या समितीने एकदा वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी संध्याकाळचा जादा वर्ग ठरवला. मुलं येईनात. पुढल्या वर्षी तोच ठराव पुन्हा, फक्त ‘पालकांना सक्त सूचना’ एवढी भर. तिसऱ्या खेपेला मी जुना ठराव मोठ्याने वाचला आणि विचारलं, याचं काय झालं? बराच वेळ कोणी बोलेना. मग मासे विकणारी एक आई म्हणाली, “बाई, सांजचा मी बाजारात. बारक्याक कोण बघतला? माजा चेडूच ना.” वर्ग सकाळी, शाळा भरण्याआधी घ्यायचं ठरलं. धाकट्यालाही सोबत आणायची मुभा दिली. चेडू येऊ लागलं.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी 1978 च्या त्यांच्या पुस्तकात हाच फरक मांडला आहे. चूक दिसली की तोच उपाय आणखी जोराने करणं ही संस्थेच्या शिकण्याची एक पातळी. उपायामागचं गृहीतच तपासणं ही दुसरी. मुलं आळशी आहेत, हे आमचं गृहीत होतं. त्याआधी, 1972 मध्ये, कोहेन, मार्च आणि ओल्सेन यांनी विद्यापीठांचा कारभार पाहून म्हटलं की, उत्तरं कधीकधी आधी तयार असतात आणि आपल्या जोगा प्रश्न शोधत फिरतात. शाळेत आधी टॅब येऊन पडतात आणि मग त्यांच्यासाठी उपक्रम शोधावा लागतो. ज्याने हे पाहिलंय त्याला या तिघांचं म्हणणं वेगळं समजवावं लागणार नाही.

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. सिंधुदुर्गात अशा शाळा वाडीवाडीला आहेत. चार मुलांच्या वर्गात शिकवणं सोपं नसतं, सवंगडीच नसतात. ते मी रोज पाहते, त्यामुळे तो विचारच चुकीचा असं मी म्हणणार नाही. पण पट कागदावर मोजता येतो, वाट तशी मोजता येत नाही. आमच्या सभेत यावर पहिला प्रश्न आला तो असा : “थंय पोरां जातली कशी? व्हाळाक पाणी इला काय वाट बंद.” हे वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं, मालवणीत लिहिलं. प्रमाण भाषेत त्याचं ‘दळणवळणाची अडचण’ झालं असतं आणि वरच्या टेबलावर कोणी ते वाचलंही नसतं.

आता आमच्या वहीत प्रत्येक ठरावापुढे एक रकाना असतो : काय झालं. पुष्कळदा तो कोरा राहतो, आणि कोरा दिसतो म्हणून सभा लांबते.

समितीचं इतिवृत्त कोणालाही पाहता येतं. तुमच्या मुलाच्या शाळेत पुढची सभा असेल तेव्हा जा, आणि सही करण्याआधी मागच्या ठरावाचं काय झालं ते विचारा.