‘बाहेरचं’ नव्हे, मेंदूचं दुखणं

वडखळ नाक्यावरून मुंबईच्या एस.टी.त आजारी माणसासोबत बसण्याची पाळी माझ्यावर अनेकदा येते. मी बी.कॉम. झालेला साधा कारकून, डॉक्टर नव्हे. केसपेपर काढणे, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडणे, अर्ज भरणे एवढेच माझे काम. या फेऱ्यांत जे समजले, ते माताभगिनींपर्यंत जावे म्हणून हे लिहितो.

शिकतीसवरती मुलगी आठ-पंधरा दिवसांत बदलते. झोप उडते, ती असंबद्ध बोलते, नसलेली माणसे तिला दिसतात. मग फिट येते, तोंड वेडेवाकडे हलते, वाचा बसते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘बाहेरचं आहे.’ आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. लिंबू, नारळ, अंगारा यांत तीन आठवडे गेले. अखेर मोठ्या रुग्णालयात मणक्यातले पाणी तपासले, तेव्हा आजाराचे नाव कळले. पाणी काढले की माणूस लुळा पडतो, या भीतीने आई सही करीत नव्हती. तिची समजूत घालण्यातच एक दिवस गेला.

रोगजंतूंशी लढायला आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. कधी तीच आपल्या मेंदूवर उलटतात. डॉ. जोसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ साली असा एक आजार ओळखला. त्याचे नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. त्यांच्या १२ रुग्ण स्त्रियांच्या अंगात टेराटोमा नावाची गाठ सापडली, बहुतेकींच्या बीजकोशात. या गाठीत मेंदूसारख्या पेशी असू शकतात. शरीर गाठीशी लढायला उठते आणि घाव मेंदूवर बसतो. म्हणून डोके बिघडले तरी डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते, पण ती काढावी लागते. प्रत्येकाला गाठ असतेच असेही नाही. २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ३८ टक्क्यांना ती होती. वेळेवर स्टेरॉईड व इतर उपचार मिळाले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात. मात्र त्याला महिने लागतात.

पुरुषांनीही ऐकावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाचा एक कॅन्सर होतो. त्यात खोकल्याच्या आधीच हातापायांची संवेदना जाणे, तोल जाणे, विसर पडणे असे होऊ शकते. तिथेही शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलेली असते. मुंग्या आल्या की कॅन्सरच, असे मात्र नव्हे. मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही मुंग्या येतात. ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पोलीस पाटलालाही हे सांगा.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. आजची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपला आजार योजनेत बसतो का, हे त्याला आधी विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड व जुने सारे कागद एका पिशवीत ठेवा आणि पहिली फिट कोणत्या तारखेला आली, तेवढे लिहून न्या.