पाच सेकंद

गेल्या वर्षी ताईने फर्मान काढलं, "रविवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसण्यापेक्षा पोरींना बास्केटबॉल शिकव." विद्यानगरात आमची गल्ली संपते तिथे एक सिमेंटचं कोर्ट आहे. एका रिंगला जाळी नाही, दुसऱ्या रिंगखाली सिमेंट उखडलंय. तिथे माझ्या भाचीसकट नऊ मुली जमायच्या, वय ११ ते १३. दोघी नल्लाकुंट्याच्या, एक अडिकमेटची, बाकी आमच्याच गल्लीतल्या. कोर्टवर मराठी, तेलुगू, हिंदी अशी तिन्ही भाषांची भेळ. बी.ई. करताना मी कॉलेजच्या संघात होतो, पण बहुतेक वेळ बाकावरच. एवढ्या भांडवलावर मी 'सर' झालो.

पहिलाच मैत्रीपूर्ण सामना आम्ही ३१–६ असा हरलो. समोरच्या मुली उंच होत्या आणि सरावातल्या होत्या. आमच्या मुली प्रत्येक वेळी पळत मागे जायच्या, आपल्या रिंगखाली उभ्या राहायच्या आणि डोक्यावरून जाणारा बॉल बघायच्या.

त्या रात्री मला विवेक रणदिवे आठवले. मुंबईत वाढलेला हा माणूस एमआयटीत शिकला, सिलिकॉन व्हॅलीत त्याने टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि २०१३ मध्ये एनबीएतला सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकत घेणाऱ्या गटाचा तो प्रमुख होता. पण मला त्यांची त्याआधीची गोष्ट आवडते. मुलगी अंजली १२ वर्षांची असताना तिच्या संघाचे ते कोच झाले. स्वतः बास्केटबॉल कधी खेळले नव्हते. मुली फार उंच नव्हत्या, नेमही बेताचाच. रणदिवेंना प्रश्न पडला की बास्केट झाल्यावर सगळे संघ मागे का पळतात? समोरच्याला अख्खं मैदान फुकट का देतात? त्यांनी मुलींना पूर्ण कोर्टभर दाबायला शिकवलं. तो संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये यावर लेख लिहिला आणि ही गोष्ट जगभर गेली.

यालाच फुल कोर्ट प्रेस म्हणतात. यात जादू काही नाही, दोन नियमांचा फायदा घ्यायचा असतो. बॉल बाहेरून आत टाकायला ५ सेकंद मिळतात आणि तो अर्ध्या कोर्टपलीकडे न्यायला ८. कोर्ट २८ मीटर लांब, म्हणजे तो अर्धा भाग १४ मीटरचा. एक मुलगी बॉल टाकणारीच्या समोर हात वर करून नाचते. बॉल आत आला की दोघी मिळून तिला कोपऱ्यात ढकलतात. तिथे दोन बाजूंना रेषा आणि दोन बाजूंना आमच्या मुली. चौथी घाईघाईत सुटणाऱ्या पासवर टपून बसते आणि पाचवी मागे राखणीला.

मुलींना हे फळ्यावर कळेना. मग मी उंबरखिंड सांगितली. १६६१ मध्ये महाराजांनी कारतलबखानाची फौज मोकळ्या मैदानात गाठली नाही, अरुंद खिंडीत गाठली. "आपली खिंड म्हणजे तो कोपरा," म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. पाच सेकंद मोजायचं कामही त्यांनीच वाटून घेतलं. सरावात सगळ्या मिळून तेलुगूत ओरडायच्या, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु!"

नेम चुकला तर चालेल, पण पळायचा कंटाळा चालणार नाही, एवढाच आमचा नियम. सगळ्यात बुटकी मुलगी, जिला आधी कोणी पास देत नव्हतं, ती सगळ्यात जास्त बॉल हिसकावू लागली. त्याच उंच संघाशी आम्ही पुन्हा खेळलो. हरलोच, पण २४–२० असे.

त्यानंतरच्या सामन्यात समोर एक अगदी नवा संघ होता. पहिल्या क्वार्टरमध्ये १४–० झाले. मी खुशीत टाळ्या वाजवत होतो. ब्रेकमध्ये भाची आली.

"मामा, ती बॉल टाकणारी मुलगी रडतेय. अजून दाबायचं का?"

"नियमात आहे गं," मी म्हणालो आणि बोलल्याबोलल्या लाज वाटली. रणदिवेंच्या संघावरही समोरचे कोच चिडायचे. पण तो संघ दुबळा होता आणि प्रेस ही त्याची ढाल होती. त्या दिवशी दुबळे आम्ही नव्हतो.

प्रेस उठवला. आणि मग आमचं पितळ उघडं पडलं. मोकळेपणी खेळायची वेळ आल्यावर आमच्या मुलींना बॉल रिंगमध्ये टाकता येईना. सामना १८–१३ असा कसाबसा जिंकलो. बॉल हिसकावण्याच्या नादात मी त्यांना नेम शिकवायचाच राहून गेलो होतो. आकडे चांगले दिसत होते म्हणून मीही पाहिलं नाही. ऑफिसात असा कोड मी कुणाचा चालवून घेतला नसता.

आता आमच्याकडे ठरलंय की दहा गुणांची आघाडी झाली की प्रेस बंद. आणि सरावाचा अर्धा वेळ फक्त नेमबाजी. हा नियम भाचीने सुचवला, बाकीच्यांनी थोडी कुरकुर करून मान्य केला.

सामना संपल्यावर मी बाटल्या गोळा करत होतो. मागे वळून पाहिलं तर आमची बुटकी त्या रडणाऱ्या मुलीला बॉल घेऊन रेषेबाहेर उभी करून सांगत होती, "बास्केट झाल्यावर एकाच जागी उभं राहायची सक्ती नसते. रेषेमागे इकडून तिकडे पळायचं आणि मोकळी मैत्रीण दिसली की टाकायचा." बाकीच्या दोघी तिच्यासमोर हात वर करून नाचत होत्या आणि मोजत होत्या, "ओकटि, रेंडु..."

मूडुच्या आधी बॉल आत आला होता.