आजोबांचा कॉम्प्युटर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी लेखन म्हणजे आनंदच! तेव्हा मंडळी, शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा.

आमच्या घरी आजोबांनी २००२ साली घेतलेला कॉम्प्युटर होता. २०११ मध्ये मी पहिलीत गेलो तेव्हा तो म्हातारा झाला होता, पण थाट काय वर्णावा! अंगावर फुलाफुलांचं कव्हर. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. आधी यूपीएस, मग सीपीयू, मग मॉनिटर. क्रम चुकला की आजोबा ओरडलेच! एक्सपीचा तो हिरवा डोंगर दिसेपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा. मग मला अर्धा तास पिनबॉल. लाईट गेली की यूपीएस कोकलायचा आणि आजोबा त्याच्याहून मोठ्याने, "अरे, बंद कर नीट!"

माझं झालं की ते बसायचे. एका बोटाने शिवाजी फॉन्टमध्ये काहीतरी टाइप करायचे. काय, ते मी कधी विचारलंच नाही. २०१६ साली आजोबा गेले. कॉम्प्युटर भंगारात गेला.

गेल्या दिवाळीत त्यांचा पेनड्राइव्ह सापडला. फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थ शून्य! तो फॉन्ट युनिकोडच्या पद्धतीचा नव्हता ना... शोधून इन्स्टॉल केला, तेव्हा कुठे मराठी उमटलं. रोजनिशी होती. जोडाक्षरांना अडखळत अडखळत वाचली. एका पानावर एकच ओळ होती:

"चिरंजीव पिनबॉल सोडत नाहीत. आज लिखाण नाही."